मैदानाखालची पाइपलाइन: हलवायची की तशीच गाडायची?

विजापूर रोडकर: काल इथं एकानं लिहिलं, "शाळेच्या नव्या मैदानाखालून पाण्याची जुनी लाइन जाते म्हणून एवढा बाऊ कशाला? दोन फूट मुरूम टाका, रोलर फिरवा, मोकळे व्हा." मालक, ही सोलापूरची काळी माती आहे. उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते. लाइनचे जोड आधीच ताणलेले, त्यात रोलरचा हादरा. जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप, तडकणारच. आधी हातानं खड्डे घेऊन लाइन कुठून जाते, किती खोल आहे ते बघा. कडेनं वळवता आली तर वळवा. नाहीच जमलं तर मैदानाखाली जोड न ठेवता एचडीपीईची, म्हणजे चिवट प्लॅस्टिकची लाइन टाका, तीही मोठ्या पाइपात घालून. व्हॉल्व्ह मात्र बाहेर. धावपट्टीत चेंबरचं झाकण नको.

मुरूमवाला मीच: पैसे कोण देणार? पालकांच्या वर्गणीतून मैदान होतंय. चाळीस वर्षं लाइनला काही झालं नाही. एकरूख तलाव १८७१ चा, अजून आहे की!

शेळगीकर: तलावावर रोलर फिरवला होता का बे?

तिसरा मजला, जुळे सोलापूर: मैदानाचं सोडा. आमच्याकडं चार दिवसांनी पाणी, तेही रात्री अडीचला. उजनीहून १०० किलोमीटरवर पाणी आणायचं आणि शेवटच्या दोनशे फुटांत घालवायचं!

शेळगीकर: तुमच्या बिल्डिंगची मोटार थेट लाइनला आहे, ते पण सांगा की.

तिसरा मजला, जुळे सोलापूर: तोंड सांभाळून. मोटार सगळेच लावतात. तुमच्या गल्लीत नाही का एकही?

शेळगीकर: आहे. आमचीच आहे. म्हणून तर माहितीय, लाइनमध्ये हवा आली की कशी घरघरते ते.

रिटायर्ड फिटर: भांडा, पण मुद्दा तिथंच आहे. रोज पाणी नसलं की गळतीही रोज दिसत नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि फुटक्या जोडातून भोवतालची घाण आत शिरते. एका शाळेत खो-खोच्या खांबासाठी पोरं पहारीनं खड्डा घेत होती. पहार थेट पीव्हीसीत. तो दिवस कोरडा, कुणाला पत्ता नाही. खांब रोवला, माती ठोकली. तिसऱ्या दिवशी पाणी आलं आणि खांब तिरका. नकाशावर लाइन बारा फूट पलीकडं होती. प्लॅस्टिकचा पाइप धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही, म्हणून नवीन टाकताना सोबत तार सोडा. वर इशाऱ्याची पट्टी टाका आणि बुजवायच्या आधी दाब देऊन बघा.

मुरूमवाला मीच: बरं, आपण सगळे इंजिनिअर! खड्डे घेतो. पण खांबाचं डोक्यात आलं नव्हतं, हे खरं. आमचे खांब नेमके त्याच बाजूला येतायत.

विजापूर रोडकर: आता कसं! वर्गणीत माझे पाचशे.

मुरूमवाला मीच: हजार करा, काल डोकं तुमचंच फिरलं होतं.

तिसरा मजला, जुळे सोलापूर: आणि आमचं पाणी?