शब्दचर्चा : वजाबाकीतला 'हातचा' आणि 'उसना' एकच का?

अमळनेर

नमस्कार मंडळी. परवा संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक प्रकार झाला आणि तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत म्हणून इथे विचारतोय.

पुतणी तिसरीत आहे. वहीत गणित होतं ५२ वजा २७. तिने वरच्या ५ वर काट मारून ४ लिहिले, शेजारच्या २ चे १२ केले, बाईंनी शिकवलं अगदी तसं. बाजूला आबा बसलेले. ते म्हणाले, बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या दोनात मिळव, किती झाले? ती म्हणाली तीन. मग तिने वरच्या ४ मधून ३ वजा केले आणि उत्तर लिहिलं १५. आबा म्हणे अगं पंचवीस यायला पाहिजे, ती म्हणे तुम्ही सांगितलं तसंच तर केलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मी दोनदा बघितलं तरी मला चूक सापडेना कारण बाईंचंही बरोबर होतं आणि आबांचंही.

रात्री कागदावर मांडल्यावर लक्षात आलं की एकच दशक दोनदा वजा झालाय, एकदा वर काट मारून आणि एकदा खाली मिळवून. आणि हे झालं कशामुळे तर वर्गात बाई म्हणतात 'उसना घेतला', घरी आबा म्हणतात 'हातचा', आणि ती लेकरू समजली की ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही करायची. मी स्वतः आजवर हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत आलोय. तर मला विचारायचंय की वजाबाकीत 'हातचा' म्हणजे नेमकं काय, तो कोणाच्या हातचा, आणि 'उसना' शब्द त्याच्याच जागी चालतो का?

धुळे

दादा, चांगला प्रश्न काढला. मी तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

बेरजेतला हातचा सरळ आहे. ७ आणि ८ पंधरा, पाच खाली मांडले, एक दशक हातात धरला आणि पुढच्या घरात टाकला. जो हातात राहिला तो हातचा. म्हणजे 'हातचा एक' यात हातचा हे विशेषण आहे, मग वापरून वापरून एक गळाला आणि 'हातचा' हेच नाम झालं. म्हणून तर आपण 'हातच्याची बेरीज', 'बिनहातच्याची वजाबाकी' असं बिनदिक्कत म्हणतो, 'हातचा' यात आधीच चा आहे त्याच्यावर पुन्हा ची लागलाय आणि कोणाला खटकतही नाही.

वजाबाकीत मात्र दोन रीती आहेत. आबांची रीत अशी की वरच्या २ ला दहा दिले, ते झाले १२. वर दहा वाढवले तर फरक बदलेल, तो बदलू नये म्हणून खालच्या संख्येतही दहा वाढवायचे, आणि ते दशकाच्या घरात एक म्हणून वाढतात. खालचे २ चे ३ झाले, वरचे ५ तसेच. ५ मधून ३ गेले २, उत्तर २५. इथे तो एक खरोखर पुढच्या घरापर्यंत हातात धरून न्यायचा असतो म्हणून 'हातचा' शब्द तिथे चपखल बसतो. आमच्या आईवडिलांच्या पिढीचं सगळं गणित याच रीतीचं.

शाळेत आता जी शिकवतात त्यात खालच्या संख्येला हातच लावत नाहीत. ५२ म्हणजे ५ दशक २ सुटे, त्यातला एक दशक सुटा केला की ४ दशक १२ सुटे. ५२ चे ५२ च आहेत, फक्त मांडणी बदलली. यात हातात धरून पुढे न्यायचं काही नाही, तरी आम्ही शिक्षक पण सवयीने 'हातचा घेतला' बोलून जायचो, ती आमची चूक. आणि मुलगी रडली त्यात तिचा काही दोष नाही हे तिला नक्की सांगा.

शिरपूर

ताईंचं पटलं. मी फक्त 'उसना'बद्दल लिहितो कारण तो शब्द आपल्याकडे रोजच्या वापरातला आहे. शेजारीण वाटी घेऊन दारात येते, "वाटीभर साखर दे वं माय, उसनी, सांजले वापस करसू." उसनं म्हणजे जे तेवढंच, त्याच मापाने परत जातं, बिनव्याजी. हातउसने पैसे तसेच. परत नाही केलं तर त्याला उसनं म्हणत नाहीत.

आता गंमत बघा, दशकाकडून एक 'उसना' घेतला म्हणतो पण परत कधी करतो? शाळेच्या आताच्या रीतीत तर कधीच नाही, ५ चे ४ झाले ते झाले. उलट आबांच्या जुन्या रीतीत वर घेतलेले दहा खाली एक मिळवून चुकते होतात. म्हणजे 'उसना' शब्द जुन्या रीतीला शोभतो आणि वापरतात नव्या रीतीला! माझ्या मते घोळाचं मूळ इथेच आहे. मुलं शब्दाचा अर्थ खरा धरतात, उसनं घेतलं तर परत द्यावं लागेल असं एखाद्या हुशार पोरीला वाटलं आणि तिने खाली एक मिळवला तर ती भाषेच्या बाजूने बरोबरच आहे.

आमची आजी अहिराणीत असंच करायची, "दोनमाईन सात जातस का? नही जातस. बारामाईन सात गयात, पाच ऱ्हायनात, एक हातमा ठेव." हातमा ठेव. तिने उसना हा शब्द गणितात कधी वापरला नाही, साखरेलाच वापरला.

चोपडा

'हातचं राखून बोलणे' यातला हातचं आणि हा हातचा एकच असेल ना? जवळ धरून ठेवलेलं, अजून खर्च न केलेलं. आणि 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' यात पण तेच.

बाकी 'वजा' आणि 'बाकी' दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीतून आपल्याकडे आले, आणि कापसाच्या हिशोबपट्टीवर दोन्ही वेगवेगळे अजून जिवंत आहेत. वर मालाची रक्कम, मग वजा हमाली, वजा तोलाई, वजा उचल, आणि खाली रेघ मारून बाकी. माझे वडील शाळेत दुसरीपर्यंतच गेले पण पट्टी हातात आली की ट्रॅक्टरशेजारी उभ्या उभ्या ती वजाबाकी तोंडी तपासायचे, हातच्याच्याच रीतीने, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत. एक हातचा म्हणजे अंगठा एका पेरावर दाबून धरलेला. मला तर लहानपणी वाटायचं हातचा म्हणतात ते त्या पेरालाच.

चाळीसगाव

एवढी चर्चा चाललीय तर आमच्या पाटणचा उल्लेख व्हायलाच पाहिजे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात शिलालेख आहे, शके ११२८ चा म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची ती नोंद, आणि लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला.

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात बेरीज-वजाबाकीला संकलन आणि व्यवकलन म्हटलंय. त्यातलं पहिलंच उदाहरण असं आहे की २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज कर, आणि ती दहा हजारातून वजा कर. बेरीज येते ३६०. आणि १०००० मधून ३६० म्हणजे ओळीने शून्यंच शून्यं, उसना घ्यायला जावं तर शेजारी रिकामा, त्याचा शेजारीही रिकामा! साडेआठशे वर्षांपूर्वी सुद्धा पहिल्याच उदाहरणाला मुलांना इथे आणून उभं केलंय. उत्तर ९६४०. आबांना सांगा करून बघायला, हातचे किती वेळा लागतात ते मोजा, तीनदा लागतात.

रावेर

नव्या रीतीला आमच्याकडे केळीचा घड चालेल का, घड मोडून फण्या, फणी मोडून सुटी केळी? लेकरांना लगेच कळेल.

धुळे

भाऊ, मोडायची कल्पना छान आहे पण फणीत केळी मोजून दहा नसतात, कुठे चौदा कुठे अठरा, आणि इथे सगळी खुबी दहाचीच आहे. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बरे, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाच्या काड्या घ्या आणि रबर लावा. रबर मुलाने स्वतःच्या हाताने काढलं पाहिजे, तुम्ही काढून देऊ नका.

अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शिरपूरच्या भाऊंचा उसन्याचा मुद्दा वाचून तर मी बसलेला उठून उभा राहिलो.

काल काड्यांऐवजी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी घेऊन ओट्यावर बसलो. तिला म्हटलं मला सत्तावीस दे. तिने दोन नोटा दिल्या, दोन नाणी दिली आणि थांबली. मग एक नोट घेऊन आत गेली, आईकडून दहा नाणी आणली, त्यातली पाच मला दिली. तिच्या पुढ्यात राहिल्या दोन नोटा आणि पाच नाणी. मी विचारलं ही नोट तू आईकडून उसनी घेतली का? म्हणे नाही, माझीच होती, मी मोडली.

आबा ऐकत होते. ते म्हणाले मग त्याला हातचा नका म्हणू नि उसना पण नका म्हणू, दहाचा खुर्दा केला म्हणा. आम्ही बाजारात रुपयाचा खुर्दा करून आणायचो. तिला तो शब्द नवीनच होता, दहा वेळा म्हणून बघितला. आता ती काट मारलेल्या आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'खु' लिहिते. बाईंना चालेल का ते उद्या शाळेत विचारणार आहे.

मग ५०० वजा २६३ केलं. तिने आधी शंभराचा खुर्दा केला, दहा दशक आले, मग त्यातल्या एका दशकाचा खुर्दा, वर ४, ९, १० असं मांडून घेतलं. आबांनी शेजारी खडूने फरशीवर आपल्या रीतीने केलं, दहातून तीन सात, हातचा एक, सहा नि एक सात, दहातून सात तीन, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन दोन. दोघांनी एकदमच वर बघितलं. २३७. लगेच तिने आबांना दुसरं गणित घातलं, १००० वजा ३६८, आणि खडू मागून घेतला.