कोरा चहा सोसतो, पण सूप जीभ पोळतं. असं का?

कपबशी
एका पातेल्यात कोरा चहा, दुसऱ्यात कॉर्नफ्लॉवर लावलेलं टोमॅटो सूप. दोन्ही उकळी फुटल्यावर उतरवून सारख्याच कपांत ओतले. सात-आठ मिनिटांनी चहा फुरके मारत पिता येतो, सूपाचा पहिलाच घोट मात्र जिभेचा शेंडा पोळतो. गंमत म्हणजे सूपावर वाफही दिसत नसते. साय धरलेलं दूध आणि कागदी कपातली झाकणवाली कॉफी यांचंही तेच. कुणी म्हणतं स्निग्धांश उष्णता जास्त धरतो, कुणी म्हणतं साखरेने उत्कलनबिंदू वाढतो. खरं काय?

अंशांश
दोन्ही कारणं बाद. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर घातली तर उत्कलनबिंदू जेमतेम 0.15 अंशाने वाढतो. महाबळेश्वरला पाणी मुळात 95-96 अंशांना उकळतं, तिथे या दशांशाला काय घेऊन बसायचं! तुपातेलाचं म्हणाल तर उलटच आहे: तितक्याच वजनाचं तूप तितकंच तापवायला पाण्याच्या साधारण निम्मीच उष्णता लागते. म्हणजे धरून ठेवलेली उष्णताही निम्मीच.

खरा खेळ वाफेचा. उघड्या कपातलं गरम पेय निवतं ते मुख्यतः पृष्ठभागावरून पाणी उडून जातं म्हणून. साय, तुपाचा तवंग किंवा सूपावर धरणारा पापुद्रा हे त्यावरचं झाकणच. वाफ दिसत नाही याचा अर्थ पेय निवलं असा नाही, वाफ कोंडली असा आहे.

दुसरं कारण दाटपणा. चहात वरचा थर निवला की जड होऊन खाली जातो, खालचा गरम वर येतो. सगळा कप एकसारखा निवत जातो. कॉर्नफ्लॉवर, बेसन, नाचणीचं पीठ शिजून दाट झालं की हे अभिसरण जवळपास थांबतं. वरचा थर कोमट, पोटात आग. ओठ वरच्या थराला लागतात आणि फसतात, घोट मात्र आतला येतो.

शिवाय पातळ चहा जिभेवर पसरतो, लाळेत मिसळतो, लगेच गिळला जातो. दाट पदार्थ चिकटून बसतो. भाजणं हे तापमान आणि वेळ दोन्हींवर ठरतं: 60 अंशांचं पाणी कातडीला साधारण पाच सेकंदांत भाजतं, 70 अंशांना एखादा सेकंद पुरतो.

ओगराळे
वरच्याला अनुमोदन. भांड्याचंही बघा. स्टीलचा पेला आधी बोटांना, मग ओठांना चटका देतो, म्हणजे सूचना फुकटात मिळते. कागदी कप ती सूचना देतच नाही. त्यात झाकण असेल तर वाफ कोंडते, आणि बारीक भोकातून पिताना फुरका मारता येत नाही. फुरक्यात घोटाबरोबर हवा ओढली जाते, चहाचे थेंब सुटे होतात आणि तोंडात जाता जाताच निवतात. लोक हसतात, पण युक्ती पक्की आहे. झाकणातून आलेली धार मात्र थेट जिभेवर. तेव्हा झाकण काढून पाच मिनिटं थांबा.

मायक्रोवेव्हमधून काढलेला कपही तसाच फसवा. कान गार, कप कोमट, दूध कुठे कढत कुठे कोमट. ढवळून अर्धा मिनिट ठेवल्याशिवाय तोंडाला लावू नये.

सुंठमिरी
एक राहिलं. न भाजताही भाजल्यासारखं वाटतं, ते मसाल्यामुळे. जिभेच्या मज्जातंतूंत टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राहक (संवेदना टिपणारं प्रथिन) असतो. तो साधारण 43 अंशांच्या पुढे ‘चटका’ असा निरोप मेंदूला पाठवतो. मिरची, मिरी आणि आलं यांतली तिखट द्रव्यं त्यालाच चेतवतात. म्हणून सारख्याच गरम दोन चहांत आल्याचा जास्त कढत लागतो, आणि मिरपूड घातलेलं सार तर विचारूच नका. या ग्राहकाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं.

कपबशी
मग सूप लवकर निववायचं कसं? नुसती फुंकर पुरत नाही.

अंशांश
फुंकर वरच्या थरावरच चालते. आधी तळापासून ढवळा, मग फुंका, परत ढवळा. त्याहून सोपं म्हणजे पसरट ताटलीत ओतून कडेकडेने खाणं. बशीतला चहा त्याच न्यायाने निवतो: पृष्ठभाग मोठा, थर पातळ, वर गार चिनीमाती उष्णता ओढून घेते.

दूध वरून घालायची सवय असेल तर हिशोब असा: 85 अंशांचा 150 मिली चहा, त्यात फ्रिजमधलं 5 अंशांचं 30 मिली दूध, की मिश्रण 72 च्या आसपास. लवकर प्यायचा असेल तर दूध शेवटी घाला, कारण जास्त गरम चहा आधी भराभर निवतो. 60 च्या खाली आला की बहुतेकांना सोसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली, तेही अन्ननलिकेच्या संदर्भात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर एकदा कपात बुडवून बघाच, अंदाज फार चुकतात.

ओगराळे
आणि पोळलीच तर गार पाणी तोंडात धरा, गरम झालं की थुंका, असं काही मिनिटं करा. फ्रिझरमधला बर्फ थेट जिभेला लावू नका, चिकटतो. दोन-तीन दिवस तिखट-मीठ जपून, ताक-दही चालेल. फोड आले, सूज चढली किंवा गिळताना-श्वास घेताना त्रास झाला तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठा.