बजेट गेमिंग लॅपटॉप : रॅमचा स्पीड निवडताना काय बघावं?

रॅमचा स्पीड ३२००, ४८०० की ५६०० (एमटी/सेकंद, म्हणजे सेकंदाला इतक्या दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण) या प्रश्नापाशी लॅपटॉप घेणारे बरेचजण अडतात. वापरून, तपासून जे पक्कं कळलंय ते आकड्यांसकट लिहा.

●
स्पीडच्या आधी स्टिक (रॅमच्या सुट्या पट्ट्या) मोजा. ३२०० ची एक डीडीआर४ (रॅमची जुनी पिढी, नवी ती डीडीआर५) स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२. स्वस्त मॉडेलांत बरेचदा एकच स्टिक असते. एका स्टिकवर सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो, पण गर्दीच्या दृश्यात प्रोसेसर डेटाची वाट बघत बसतो आणि गेम अडखळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फटका फारच मोठा, कारण इंटिग्रेटेड ग्राफिक्सही याच रॅममधून खातं.

●
डीडीआर५ मध्ये एक चकवा आहे. एकाच स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन उपचॅनल असतात, म्हणून सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) '२ × ३२ बिट' दाखवतं. ते ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकाच वेळी डेटा देतात ते) नव्हे! '४ × ३२' दिसायला हवं. तिथे ४८०० ऐवजी २४०० च्या आसपास आकडा दिसला तर रॅम बरोबरच चालतेय, दुप्पट करून वाचा.

●
४८०० आणि ५६०० मधला फरक : डेटा मिळायला लागणारा उशीर काढायला सीएल (स्टिकच्या माहितीत दिलेला उशिराचा आकडा) गुणिले २०००, भागिले स्पीड. ४८०० सीएल४० ला १६.७ नॅनोसेकंद, ५६०० सीएल४६ ला १६.४. म्हणजे उशीर जवळपास तोच, बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) तेवढी १७ टक्के जास्त. एका ५६०० पेक्षा दोन ४८०० केव्हाही घ्याव्यात.

●
प्रोसेसर किती झेपवतो तेही बघा. आय५-१२४५०एच डीडीआर५ ला ४८०० पर्यंतच जातो, ५६०० ची स्टिक तिथे ४८०० वरच धावेल. दोन वेगळ्या स्पीडच्या लावल्या तर दोन्ही कमी स्पीडवर येतात. बजेट लॅपटॉपच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा स्पीड वाढवायची सोय, सहसा नसतंच.

●
घेण्याआधी रिकामा स्लॉट आहे का ते विचारा. एलपीडीडीआर५ (कमी वीज खाणारी रॅम) सहसा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग पुढे वाढवता येत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बसत नसेल तर जोर लावू नका. बसवताना चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, स्टिक तिरपी सरकवून दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा.

●
वरच्याला जोडून : नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग (लॅपटॉप नव्या रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं. तेवढ्यात पॉवर बटण दाबून बंद केलंत, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.