मदत हवी आहे: जेल पॉलिशची ॲलर्जी, आणि पोट जेल पॉलिशवरच

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

राहते डोंबिवलीला, ठाण्यात एका सलूनमध्ये नेल आर्टिस्ट आहे. सहा वर्षं झाली. जेल पॉलिश, एक्स्टेन्शन, ॲक्रिलिक, रिफिल, जुनं काढणं, सगळंच करते. दिवसाला पाच-सहा क्लायंट, लग्नसराईत आठसुद्धा.

दिवाळीच्या गर्दीत डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी खाजायला लागली. ज्या चिमटीत क्लायंटचं बोट धरते, नेमकी तीच दोन. आधी नुसती खाज, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटायला लागली, आणि आता उभ्या भेगा. कणीक मळताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येतं. गेल्या महिन्यात रेशन दुकानात अंगठा मशीनवर उमटेचना. ओढणीला पुसून तीनदा लावला. दुकानदार म्हणाला, "ताई, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." सलूनमधल्या हजेरीच्या मशीनचीही तीच तऱ्हा.

मग एका सकाळी दोन्ही पापण्या सुजलेल्या. काजळ बंद केलं, शाम्पू बदलला, उशीचे अभ्रे गरम पाण्यात काढले. काही फरक नाही. मे महिन्यात आठ दिवस गावी गेले, तिकडे हात निम्मे बरे झाले. परत येऊन दोन दिवस काम केलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

दुसरी ट्यूब मेडिकलवाल्याने दिली. चार दिवसांत जादू झाल्यासारखं बरं वाटतं, थांबवली की दुप्पट येतं. ती पापण्यांनाही लावली. ओरडू नका, माहितीये.

सामान पुरवणाऱ्याला सांगितलं तर त्याने 'हेमा फ्री' (म्हणजे हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट नसलेलं) लिहिलेलं महागडं जेल गळ्यात मारलं. (सासूबाईंनी बाटली बघून विचारलं, ही हेमा कोण आणि ती फुकट का?) तीन आठवडे वापरलं, भेगा तशाच. रात्री मोबाईलच्या टॉर्चमध्ये बाटलीच्या मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली, तर हेमा नाही पण 'हायड्रॉक्सीप्रोपिल मेथाक्रिलेट' आहे. आडनाव तेच वाटतंय. भावकीच ना ही?

मालकीणबाई म्हणतात ग्लोव्हज घातले की क्लायंटला वाटतं तुलाच काही रोग झालाय. कोर्स बांगड्या गहाण ठेवून केला होता, त्या आत्ता कुठे सुटल्या. घरात माझ्या पगारावर अर्धं चालतं. तर, ही ॲलर्जीच आहे का, आणि असेल तर सांभाळून काम करता येतं का? या धंद्यात असं कुणाला झालं असेल तर तुम्ही काय केलंत ते ऐकायचंय. 'सोड ते काम' हा सल्ला घरून मोफत मिळतोय, तो नको.

झणझणीत_ठेचा
खोबरेल तेलात हळद घालून रात्री लावा आणि वर सुती मोजे चढवा. आमच्या आजीच्या टाचा याने बऱ्या झाल्या.

मुद्देसूद
मुळात बायकांनी नखांना इतकी रसायनं लावावीतच का? मेंदी आहे की आपली.

धागाकर्ती
@मुद्देसूद, मेंदीवर घर चालत असतं तर मेंदीच काढली असती दादा. आणि काळ्या मेंदीने हात भाजलेल्या दोन नवऱ्या मी स्वतः पाहिल्यात.

त्वचेखाली
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन पुस्तकात छापावं असं आहे: ज्या चिमटीत बोट धरता ती बोटं, मग पापण्या, सुट्टीत आराम, कामावर परत गेलं की दोन दिवसांत उलटणं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, त्यामुळे हाताने किंवा धुळीने पोचलेलं थोडंसं जेलही तिथे दिसतं.

'सहा वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कसं' असं सगळेच विचारतात. ही ॲलर्जी अशीच वागते. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख करून घेतं, त्याला महिने लागतात, कधी वर्षं. एकदा ओळख पक्की झाली की दर वेळी प्रतिक्रिया येते, तीही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून रविवारच्या कामाचा राग मंगळवारी निघतो आणि आपण मंगळवारच्या भाजीला दोष देतो. आणि ही ओळख शरीर सहसा पुढे विसरत नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

हो, भावकीच आहे. बाटलीतलं मोनोमर, म्हणजे जेलचे सुटे रेणू, लॅम्पखाली एकमेकांना जोडलं जाऊन कडक प्लास्टिक होतं. पूर्ण पक्कं झालेलं जेल फारसं त्रास देत नाही, त्रास देतं ते ओलं किंवा अर्धकच्चं. ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट ही मोठी खानदानं आहेत आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असणं नेहमीचं. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 साली ॲक्रिलेटला 'वर्षातला ॲलर्जन' ठरवलं होतं, म्हणजे हे दुखणं काल-परवाचं नाही.

पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर छोट्या चकत्यांतून एकेक पदार्थ ठरलेल्या प्रमाणात पातळ करून लावतात. 48 तासांनी काढून बघतात आणि 96 तासांच्या आसपास पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा विभागातही ही सोय असते, पण जाण्याआधी 'ॲक्रिलेटची मालिका आहे का' एवढं नक्की विचारा. नेहमीच्या संचात ती असेलच असं नाही, आणि नसेल तर रिपोर्ट निष्पाप येईल. पोटातून स्टेरॉइड घेत असाल तर आधी सांगा.

जेलचा थेंब हातावर लावून घरच्या घरी टेस्ट मात्र करू नका. काही कोर्समध्ये हे शिकवतात. न पातळ केलेलं जेल कातडीवर ठेवलं तर नसलेली ॲलर्जी तयार होऊ शकते.

त्या ट्यूबचं नाव इथे लिहू नका, मला साधारण अंदाज आहे. पापणीवर जोरदार स्टेरॉइड लावत राहिलं तर कातडी पातळ होते, डोळ्याच्या आतला दाबही वाढू शकतो. आज बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ठेचाताई, खोबरेल ठीक आहे, पण उघड्या भेगेत हळद नको.

स्टुटगार्टची_वहिनी
अगं, मी तुझ्याच जागी होते. जर्मनीत चार वर्षं नखांचं काम केलं, तिसऱ्या वर्षी माझ्या बोटांचंही असंच झालं. युरोपात 2020 च्या नियमाने हेमा असलेलं नखांचं सामान फक्त व्यावसायिकांनीच वापरायचं ठरलं, बाटलीवर ॲलर्जीचा इशाराही छापावा लागतो. ग्राहकाची सोय झाली. पण दिवसभर तेच हाताळणारी बाई म्हणजेच तो व्यावसायिक, तिचं काय? आता पुरवठादार 'टीपीओ फ्री' म्हणूनही ओरडतील. ते वेगळं प्रकरण आहे. टीपीओ हा लॅम्पखाली जेल पक्कं करणारा घटक, युरोपने तो 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केला, पण तुझ्या भेगांशी त्याचा संबंध नाही.

आता ग्लोव्हज. लेटेक्स आणि ते पारदर्शक व्हिनाइलचे यातून मोनोमर काही मिनिटांत आरपार जातं. आत घाम, आत मोनोमर, म्हणजे लोणचंच मुरवलं. नायट्राइल (कृत्रिम रबराचे) बरे, तेही दुहेरी, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी किंवा जेल लागल्याबरोबर बदलायचे. खरं अडवतात ते अनेक थरांचे लॅमिनेटवाले, फोर-एच नावाने मिळतात. पण ते प्लास्टिकच्या पिशवीसारखे, त्यात ब्रश धरवत नाही. मी त्यांची नुसती बोटं कापून टोपीसारखी घालायची आणि वर घट्ट नायट्राइल. पहिल्या दिवशी हसू येईल, दुसऱ्या दिवशी सवय होईल.

तुझा लॅम्प कुठला? एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा स्वस्तातला लॅम्प, हे आपल्याकडे सर्रास. वरून कडक, खाली कच्चं. मग ते तू ड्रिलने घासतेस आणि तीच कच्ची धूळ पापण्यांवर बसते. साधा कापडी मास्क धूळ अडवत नाही, एन-95 अडवतो, पण वास-वाफ त्यानेही अडत नाही. टेबलावरच धूळ ओढणारा पंखा हवा. आणि हाताला जेल लागलं की ॲसिटोनने पुसतेस ना? मीही पुसायचे. त्याने ते पातळ होऊन अजून आत जातं. कोरड्या टिशूने टिपायचं, मग साबण-पाणी.

आता कटू बोलते. एवढं सगळं करून माझं एक वर्ष निघालं. दुसरं निघालं नाही.

पाणीपुरी_रविवार
मी क्लायंट या बाजूची. माझी नेल आर्टिस्ट पहिल्यापासून काळे ग्लोव्हज घालते, मला ते उलट स्वच्छ आणि भारी वाटतं. मालकीणबाईंना माझं मत कळवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पण रिपोर्ट हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्ट्या, बाहेर तो उकाडा आणि सकाळची आठ-बाराची लोकल! मागची बाई जरा सरकली की माझा जीव खाली-वर. दोन दिवस अंघोळ म्हणजे टॉवेल ओला करून पुसणं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं: तीन लाल गोल, मधल्यावर बारीक फोड. हेमा, ते हायड्रॉक्सीप्रोपिलवालं आणि ॲक्रिलिकच्या लिक्विडमधलं इथाइल मेथाक्रिलेट. खरं सांगू, रडले नाही. सहा महिने 'मनाचे खेळ' ऐकलेत, ते गोल बघून बरंच वाटलं.

डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहून दिली, ती दाताच्या डॉक्टरांना दाखवायची. दात भरायच्या मसाल्यातही हीच भावकी असते म्हणे, आणि माझी एक दाढ भरायची आहे. पुढे कधी हाडाचं ऑपरेशन निघालं तर तिथेही सांगायचं, हाडाच्या सिमेंटात हेच असतं.

मालकीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, जेल-ॲक्रिलिक दुसऱ्या मुलीला देते, तू पेडिक्युअर, साधी नेलपॉलिश आणि ड्रिलने कोरडं मॅनिक्युअर कर. पगार थोडा कमी होणार. टेबल दाराजवळ हलवलंय, कारण शेजारी कुणी जेल घासत असलं की माझे डोळे अजून चुरचुरतात. दोन आठवड्यांत भेगा भरत आल्यात. काल रेशनच्या मशीनवर अंगठा दुसऱ्या खेपेला उमटला.

@त्वचेखाली, साध्या नेलपॉलिशमधल्या रेझिननेही पापण्या सुजतात असं वाचलं. माझा रिपोर्ट त्यात कोरा आहे, पण त्याचीही हळूहळू 'ओळख' होईल का?

त्वचेखाली
होऊ शकते, पण होईलच असं नाही. हात बरे होऊ द्या, भेगा असताना काहीही जास्त आत जातं. ग्लोव्हज पॉलिशलाही चालू ठेवा. पापण्या पुन्हा सुजल्या तर अंदाज बांधत बसू नका, या.

धागाकर्ती
ठीक. आणि वहिनी, लॅम्पचं तुमचं बरोबर निघालं. जेल एकाचं, लॅम्प भलत्याचाच. घरी क्लायंट घ्यायचे म्हणून मागच्या वर्षी घेतलेला माझा स्वतःचा लॅम्प मात्र योग्य कंपनीचा आहे, तो आता पडून आहे. विकायचाय. इथे जाहिरात नियमात बसत नसेल तर संपादकांनी ही ओळ उडवावी. ज्या कंपनीचा लॅम्प त्याच कंपनीचं जेल वापरणार असाल आणि हातात ग्लोव्हज घालणार असाल तरच मेसेज करा.