अनुभव धागा: जाहिरातीचा लहान व्यवसाय आणि वसुली

तालुक्याच्या गावात किंवा शहरात, एकट्यानं वा दोघातिघांनी मिळून जाहिरात-मार्केटिंगचं काम करणाऱ्यांसाठी हा धागा. काम कसं मिळवायचं यावर खूप बोललं जातं. केलेल्या कामाचे पैसे हातात कसे पाडून घेतले, हे कोणी लिहीत नाही. माझ्या पाहण्यात या धंद्यातली बरीच दुकानं उधारीपायी बसली. म्हणून तुमचं गाव, तुमचं काम आणि तुमची पद्धत, तिन्ही लिहा.

सांगलीहून
फ्लेक्स, पत्रकं आणि हल्ली दुकानांची इन्स्टाग्राम पेजं. क्लासच्या प्रवेशाच्या दिवसांत पेपरात पत्रक टाकायचं काम अजून जोरात असतं. पहाटे स्टँडजवळ गठ्ठे सुटतात, पोरं खाली बसून पुरवण्या भरतात, तेव्हाच आपलं पत्रक आत जातं. मी स्वतः तिथं उभा राहतो. पेपर टाकणाऱ्या पोरांच्या कुठल्या लाइनला किती गेली ते लिहून घेतो, फोटो काढतो आणि उजाडायच्या आत गिऱ्हाइकाला पाठवतो. त्यामुळं "आमच्या गल्लीत आलंच नाही" म्हणून बिल अडत नाही. छपाईचे पैसे मात्र आधी. कागदवाला मला उधार देत नाही.

पुण्याहून
सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि आपल्या बिलावर १८ टक्के लागतो. खरी मेख पुढं आहे: एकदा बिल फाडलं की गिऱ्हाइकानं पैसे देवोत न देवोत, कर आपल्याला भरावाच लागतो. मी आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवते. पैसे आले की पक्कं बिल.

मोठ्या कंपन्यांत हे चालत नाही. तिथं उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, कामाला येते. सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की मुदत उलटली तर प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही. मी उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापते. मार्च उजाडला की त्यांचे अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात. नोंदणी फुकट आहे, आजच करा, कळकळीनं सांगते.

रत्नागिरीहून
मी आंबा बागायतदारांसाठी रील, फोटो आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग करते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच आंब्याला लावता येतं. ज्यांची त्यात नोंद आहे त्यांचा नोंदणी क्रमांक मी जाहिरातीत आणि पेटीवर घालायला लावते, कारण बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावानं विकला जातो तेव्हा पोट इथल्या माणसाचं मारलं जातं. पैशाचं म्हणाल तर निम्मे मोहोर धरल्यावर, निम्मे पहिल्या पेट्या गेल्यावर. बागायतदाराच्या हातात पैसा कधी येतो ते ओळखूनच हप्ते ठरवावेत.

नाशिकहून
मराठी मजकुरावर पैसे अडतात, हे नव्या मुलांना माहीत नसतं. गिऱ्हाईक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पाठवतं, तो उघडला की नुसती चिन्हं. किंवा फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटतं. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) टाइप करा, फोटोशॉपमधली कंपोझर ही सेटिंग भारतीय लिप्यांसाठीची करून घ्या, आणि कागदावर प्रूफ काढून गिऱ्हाइकाची सही घ्या. वीस फुटी फ्लेक्सवर आडनाव चुकलं तर कोण भरून देणार, हे त्या सहीनं ठरतं.

मुंबईहून
१३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं. तेव्हापासून परवाना आणि मजबुतीचा दाखला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणत्याही जागेवर गिऱ्हाइकाची जाहिरात लावत नाही. कमिशन गेलं तरी चालेल.

पुण्याहून, पुन्हा
एक राहिलं. फेसबुक-गूगलच्या जाहिरातींचा खर्च गिऱ्हाइकाच्याच खात्यातून, त्याच्याच कार्डवरून होऊ द्या. तो आपल्या बिलातून फिरवला तर आपल्या उलाढालीत धरला जाऊ शकतो, आणि गिऱ्हाइकानं हात वर केले तर आपल्याच अंगावर येतो. आपण फक्त आपल्या मेहनतान्याचं बिल करायचं.