जुना ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचा आहे, क्लीन आवाजासाठी : १५ वॅट की ४० वॅट?

घोडबंदरचा_गिटारवाला (ठाणे)

नमस्कार मंडळी,

भावगीते आणि जुनी हिंदी चित्रपटगीते सादर करणाऱ्या एका हौशी वाद्यवृंदात मी गिटार वाजवतो. गिटार सिंगल-कॉइल पिकअपची स्ट्रॅटोकास्टर आहे. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटलेल्या आवाजाची गरज मला जवळजवळ पडत नाही. हवा आहे तो असा क्लीन आवाज, की पाच-सहा तारांचा कॉर्ड छेडला तरी त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू यावा. नवा ट्यूब (म्हणजे जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प खिशाला परवडणारा नाही, म्हणून वापरलेला शोधतो आहे आणि सध्या दोन अ‍ॅम्प समोर आले आहेत. नेरुळला एक फेंडर ब्लूज ज्युनिअर आहे, १५ वॅटचा आणि इथल्याच विजेवर चालणारा. दुसरा खारघरला आहे, ४० वॅटचा फेंडर हॉट रॉड डिलक्स. मालकाने तो अमेरिकेहून परतताना सामानासोबत आणला असल्यामुळे १२० व्होल्टचा आहे. दुसऱ्याची किंमत बरीच कमी सांगितली जाते, हे आकर्षण नाकारता येत नाही.

सराव घरी, म्हणजे सोसायटीतल्या सातव्या मजल्यावर होतो आणि महिन्यातून दोन-तीनदा ढोलक, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेटसोबत मोठ्या खोलीत होतो. नेरुळच्या विक्रेत्याचे म्हणणे असे, की घरात वाजवायचे असेल तर कमी वॅटचाच अ‍ॅम्प घ्यावा. हे कितपत खरे आहे? आणि १२० व्होल्टच्या अ‍ॅम्पच्या वाटेला जावे का?

वाशीकर_६एल६

विक्रेत्याचे म्हणणे ड्राइव्हच्या आवाजासाठी बरोबर आहे, तुमच्या कामासाठी नाही. ज्याला ट्यूब ताणून, फाटलेला आवाज काढायचा आहे त्याने घरासाठी कमी वॅट घ्यावेत, कारण मोठा अ‍ॅम्प ताणेपर्यंत शेजारी दारात येऊन उभे राहतात. क्लीन आवाजाचे गणित उलट आहे. हळू वाजवताना दोन्ही अ‍ॅम्प क्लीनच राहतील. प्रश्न ड्रमसेट सुरू झाल्यावर येतो. तेव्हा आवाज वाढवत नेला की ब्लूज ज्युनिअरमधल्या दोन ईएल८४ ट्यूब आधी दमतात आणि जोरात छेडलेल्या कॉर्डला किनार येऊ लागते. ती किनार ब्लूजवाल्यांना गोड वाटते, पण तुम्हाला ती नको आहे. हॉट रॉड डिलक्समध्ये दोन ६एल६ ट्यूब आहेत आणि इंग्रजीत हेडरूम म्हणतात ती, आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा त्यांच्यात जास्त आहे.

मात्र ही जागा वॅटच्या आकड्यावरून वाटते तेवढी मोठी नसते. १५ वरून ४० वॅटवर गेल्याने आवाज सुमारे सव्वाचार डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो ते) ९७ वरून १०० डेसिबलवर नेली, तर तीन डेसिबल तिथेच मिळतात, जणू वॅट दुप्पट केले. म्हणून ब्लूज ज्युनिअर घेतलात तरी पुढे त्यात अधिक संवेदनशील स्पीकर बसवून बरेच अंतर भरून काढता येते. विकत घेताना पाठीमागे वाकून स्पीकर मूळचा आहे की बदललेला, हे जरूर पाहा.

घरच्या सरावासाठी हॉट रॉड डिलक्सचा एक त्रास आधीच सांगतो. त्याचे व्हॉल्यूमचे बटण फार तापट आहे; एक ते दोन यांच्या मध्येच सगळा खेळ आटोपतो. मागे 'प्रीअँप आउट' आणि 'पॉवर अँप इन' असे दोन जॅक आहेत, त्यांच्यामध्ये साधे व्हॉल्यूम पेडल जोडले की क्लीन चॅनेललाही मास्टर व्हॉल्यूम मिळतो आणि घरात निवांत वाजवता येते. शिवाय गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी करायचा असेल तर १२एएक्स७ या लहान ट्यूबांपैकी पहिलीच्या जागी ५७५१ लावून पाहा. पहिलीचा वर्धनांक १०० आहे, दुसरीचा ७०. या एका बदलाने क्लीन आवाजाला बराच अवकाश मिळतो, आणि नाही आवडला तर जुनी ट्यूब परत बसवायला काही लागत नाही.

सिरीज_बोर्ड (नेरुळ)

वॅटचा हिशोब वर नीट मांडला गेला आहे. मी दुरुस्तीच्या बाजूने लिहितो, कारण खारघरचा अ‍ॅम्प स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुधा त्याच्या मागच्या पाटीवर छापलेले असेल: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

व्होल्टचा प्रश्न स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, आणि तेवढ्याच व्होल्टेजला वारंवारता कमी झाली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह त्याच प्रमाणात, म्हणजे इथे २० टक्क्यांनी वाढतो. काटकसरीने बनवलेला गाभा त्यामुळे जास्त तापतो. यावर साधा तोडगा असा, की १२० ऐवजी ११० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन घ्यावा. गाभ्यावरचा ताण थोडा उतरतो, आणि दुसरा फायदा आपल्या भागातल्या चढउतारांचा: रात्री उशिरा वीज २५० व्होल्टपर्यंत चढली, तरी २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पला १२० च्या आतच ठेवतो. ११० वर ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी साधारण ५.८ व्होल्ट मिळतात, ते चालतात. ट्रान्सफॉर्मर पाटीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा, वजनदार लोखंडी गाभ्याचा असावा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी नेतात तो हलका कन्व्हर्टर अ‍ॅम्पला कधीही लावू नये.

आता अर्थिंग, ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बाजारातल्या कित्येक स्टेप-डाउनना अमेरिकन तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला आतून तारच जोडलेली नसते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या आपल्याकडच्या प्लगाच्या जाड पिनेला आणि दुसरे अ‍ॅम्पच्या चॅसिसच्या उघड्या स्क्रूला लावा. मीटर वाजला नाही तर त्या जोडणीवर गिटार हातात धरू नका, कारण तारा, ब्रिज आणि तुमचे बोट हे सगळे त्याच चॅसिसला जोडलेले असते. अ‍ॅम्प लावताच घरातला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर 'तुमच्या घराची वायरिंग जुनी आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. गळती शोधायलाच हवी.

नौपाड्याचे_काका

माझे मत वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. भावगीतांच्या साथीला, जिथे डिस्टॉर्शन नकोच आहे, तिथे ट्यूबचा अट्टहास कशाला? रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे आणि क्लीन आवाजासाठी जगभर तोच प्रमाण मानतात. त्याचा धाकटा भाऊ जेसी-४० तुमच्या खोलीत सहज मावेल. ट्यूब बदलणे नाही, बायस (ट्यूबमधून सतत वाहणारा प्रवाह) जुळवणे नाही, व्होल्टेजची कटकट नाही. आम्ही तरुण असताना बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ व्हॉल्व्ह दुकानात मिळत; आता बहुतेक ट्यूब रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनमधून येतात आणि पार्सलमध्ये खुळखुळत आल्या तर तक्रार कोणाकडे करायची?

वाशीकर_६एल६

काका, जेसी उत्तम आहेच, आणि यांना अजून कशाचा मोह पडला नसेल तर एकदा वाजवून पाहावा हा सल्ला मलाही मान्य आहे. पण क्लीन आणि क्लीन यांतही फरक असतो. ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट रोध (इम्पिडन्स) जास्त असल्यामुळे स्पीकरवरची पकड ढिली असते. त्यामुळे खर्ज आणि वरचे सूर किंचित फुगतात, मधला भाग मागे सरतो, आणि जोरात छेडल्यावर सुरुवातीचा ठोका थोडा दबून मग सूर उमलतो. सिंगल-कॉइलच्या गिटारला हे फार मानवते. जेसीचा आवाज याउलट जसा छेडाल तसाच, तिथल्या तिथे बाहेर येतो.

घोडबंदरचा_गिटारवाला

सर्वांचे आभार. काकांच्या सल्ल्याप्रमाणे जेसी नक्की ऐकेन, पण मन अजून ट्यूबकडेच ओढते आहे. रविवारी आधी नेरुळ आणि मग खारघर असा बेत आहे. प्रत्यक्ष समोर गेल्यावर काय पाहावे, हे कृपया सांगावे. मला आत हात घालण्याचा अनुभव नाही.

सिरीज_बोर्ड (नेरुळ)

तो घालूही नका. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (आतली वीज सपाट करणाऱ्या, भार साठवणाऱ्या भागांमध्ये) ४०० व्होल्टच्या आसपास भार उरू शकतो आणि तो जिवावर बेततो. बाहेरून मात्र पुष्कळ कळते.

आधी मालकाला सांगून ठेवा, की तुम्ही पोहोचेपर्यंत अ‍ॅम्प थंडच ठेवावा. तापलेला अ‍ॅम्प दाखवण्याची युक्ती नेहमीची आहे, कारण काही दोष पहिल्या दहा मिनिटांतच दिसतात. मग गिटार न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून गुणगुण ऐका. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही खर्जातली जाड गुणगुण येत असेल, तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेले असण्याची शक्यता मोठी. आपल्या विजेवर ती १०० हर्ट्झची असते. दहा-पंधरा वर्षांच्या अ‍ॅम्पला ते बदलावे लागणे हा दोष नव्हे, पण किमतीतून तेवढे वजा करायला हवे. खोलीतले दिवे घालवून पाठीमागून ट्यूबकडे पाहा. आतल्या तंतूचा नारिंगी उजेड ठीक आहे. पण राखाडी धातूची प्लेटच लाल होऊ लागली, तर लगेच बंद करायला सांगा. बायस बिघडला आहे किंवा ट्यूब गेली आहे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने लहान ट्यूबवर हलके टकटक करा. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखे ऐकू आले, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, आणि हा खर्च किरकोळ आहे.

हॉट रॉड डिलक्ससाठी एक खास गोष्ट: आत पाच वॅटचे दोन रेझिस्टर आहेत, जे कायम तापतात आणि कालांतराने सर्किट बोर्डावरचे त्यांचे सोल्डरचे डाग सुटतात. मग आवाज मध्येच खरखरतो किंवा रीव्हर्ब (घुमारा) आणि चॅनेल बदलणे बंद पडते. म्हणून किमान अर्धा तास सलग वाजवा आणि त्या वेळात फूटस्विच व रीव्हर्ब पुन्हा पुन्हा वापरून पाहा. इनपुट जॅकमध्ये केबल हळूच हलवा. तिथले डागही ढिले पडतात.

फ्यूजही पाहा. पाटीवर लिहिलेल्या अ‍ॅम्पियरचाच हवा. त्याजागी मोठा फ्यूज किंवा नुसती तार दिसली, तर अ‍ॅम्प कितीही गोड वाजत असला तरी निरोप घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत पडून राहिलेल्या अ‍ॅम्पच्या बटणांची खरखर मात्र मनावर घेऊ नका, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. एखादा अ‍ॅम्प वर्षभर बंदच होता असे मालक म्हणाला, तर तो थेट प्लगला लावू देऊ नका. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही सिरीज बोर्ड असतो, त्यावर १०० वॅटच्या बल्बमधून पहिल्यांदा चालू करावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे.

दोन्ही अ‍ॅम्प चांगले निघाले, तर मी नेरुळचा घेईन. तुमच्या खोलीत ड्रमसेट आहे, पण गिटार मुख्य वाद्य नाही, आणि संवेदनशील स्पीकरसह १५ वॅट साथीला पुरतील. शिवाय तो १४ किलोचा आहे; हॉट रॉड डिलक्स २० किलोचा, त्यावर लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे ओझे वेगळे. खारघरचा घ्यायचाच असेल, तर स्टेप-डाउनची किंमत आधी विचारून घ्या आणि तो जोडूनच अ‍ॅम्प ऐका.