निवृत्त बॉक्सरने एकाच वेळी प्रशिक्षक आणि प्रमोटर व्हावे का? रिकी हॅटन यांच्या निमित्ताने नागपुरातील चर्चा

मानकापूरकर (धागाकर्ता)

मँचेस्टरचे बॉक्सर रिकी हॅटन १४ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. तेव्हापासून मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सरावानंतर थांबणाऱ्या आम्हा मंडळींमध्ये एक वाद सुरू आहे. हॅटन आधी विश्वविजेते झाले आणि नंतर प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारे, व प्रशिक्षकही. नागपुरातही एखाद्या निवृत्त बॉक्सरने क्लब काढावा, मुले घडवावीत आणि त्याच मुलांच्या व्यावसायिक लढती तिकीट लावून भरवाव्यात, असे आमच्यापैकी काहींना मनापासून वाटते. माझा या कल्पनेला विरोध आहे. त्याचे कारण सांगायचे तर हॅटन यांच्या सर्वांत मोठ्या विजयाकडेच जावे लागेल.

५ जून २००५ रोजी मँचेस्टरमध्ये हॅटन यांची गाठ तेव्हाचे विश्वविजेते कोस्त्या त्सझ्यू यांच्याशी पडली. अमेरिकेतील दूरचित्रवाणीची वेळ सांभाळण्यासाठी लढत रात्री दोनच्या सुमारास सुरू झाली, तरीही सुमारे बावीस हजार माणसे जागेवर बसून होती. हॅटन अंगाला अंग भिडवून लढणारे आणि बरगडीखाली डाव्या हाताचा ठोसा घालण्यात तरबेज. अकरा फेऱ्या त्यांनी त्सझ्यूंना श्वास घेऊ दिला नाही. अकरावी फेरी संपली, त्सझ्यू स्टुलावर बसले, आणि बाराव्या फेरीसाठी त्यांना उठू द्यायचे नाही असा निर्णय त्यांचे प्रशिक्षक जॉनी लुईस यांनी घेतला. विश्वविजेतेपद जात होते आणि फक्त तीन मिनिटांचा खेळ उरला होता, तरीही लुईस यांनी लढत थांबवली. त्सझ्यू पुन्हा कधीही रिंगमध्ये उतरले नाहीत.

आपण सगळे हॅटन यांच्या बाजूने ती लढत आठवतो. मला मात्र समोरच्या कोपऱ्यातला, दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीचा तो एक मिनिट जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या मिनिटात लुईस यांना केवळ आपल्या माणसाच्या प्रकृतीचा विचार करायचा होता. सभागृहाचे भाडे, दूरचित्रवाणीचा करार, पुढच्या लढतीची बोलणी यांपैकी काहीही त्यांच्या डोक्यावर नव्हते. तेच लुईस त्या रात्रीचे प्रमोटर असते, तर त्यांनी तोच निर्णय तितक्याच लवकर घेतला असता का? ते सज्जन होते म्हणून कदाचित घेतलाही असता. पण लढणाऱ्याचा जीव दुसऱ्याच्या सज्जनपणावर सोडणारी व्यवस्था मला मान्य नाही. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलामध्ये चौदा फेऱ्यांनंतर जो फ्रेझिअर लढायला तयार असताना त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्यांना स्टुलावरून उठू दिले नाही. रिंगमध्ये माणसे दगावताना फच यांनी पाहिली होती. असा निर्णय घेणारा माणूस तिकीट खिडकीपासून लांबच असला पाहिजे.

महालकर

मानकापूरकर साहेब, आपण मांडलेला धोका खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. लंडन किंवा लास वेगासमध्ये प्रशिक्षक वेगळा, प्रमोटर वेगळा, व्यवस्थापक वेगळा अशी चैन परवडते, कारण तिथे या प्रत्येक कामात पैसा आहे. नागपुरात बॉक्सिंगसाठी स्वतःच्या खिशाला चाट लावून घेणारा माणूस कोण असणार? ज्याने स्वतः मार खाल्ला आहे, तोच. आपल्याकडे कुस्तीच्या दंगली पिढ्यान्‌पिढ्या अशाच चालत आल्या आहेत. तालमीतला वस्तादच वर्गणी गोळा करतो, तोच जोडी लावतो, तोच इनाम ठरवतो आणि आपला पठ्ठ्या जायबंदी होतोय असे दिसले की तोच मैदानात धावतो. त्याला आपण हितसंबंधांचा संघर्ष म्हणत नाही.

हॅटन यांनी प्रशिक्षक म्हणून केलेले काम आपण पूर्ण वगळले, म्हणून सांगतो. कझाकस्तानचे झानात झाकियानोव्ह त्यांच्याकडे शिकले. १० फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहरात ते राऊशी वॉरन यांच्याविरुद्ध विश्वविजेतेपदासाठी उतरले आणि पहिल्याच फेरीत दोनदा खाली पडले. कोपऱ्यात हॅटन होते. अशा वेळी घाबरलेला प्रशिक्षक बॉक्सरलाही घाबरवून टाकतो. झाकियानोव्ह सावरले, तिसऱ्या फेरीत त्यांनी वॉरन यांनाच खाली पाडले आणि बारा फेऱ्यांनंतर पंचांचे एकमत न होता विभागून लागलेल्या निकालात किताब जिंकला. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्विआओ यांच्याकडून पडण्याचा अनुभव ज्याने स्वतः घेतला आहे, त्यालाच पडलेल्या माणसाकडे पाहून कळते की हा उठणार आहे की संपला आहे. हे ज्ञान असलेल्या माणसाच्या हातात सूत्रे देऊ नका, असे आपण म्हणत आहात.

शिवाय विजेंदर सिंग यांचेच उदाहरण घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील कांस्यपदक गाठीशी असताना व्यावसायिक व्हायला त्यांना २०१५ मध्ये थेट मँचेस्टर गाठावे लागले. तिथे ली बिअर्ड यांच्याकडे सराव करून त्यांनी पहिली लढत जिंकली. ऑलिंपिक पदकविजेत्याची ही गत, तर आपल्या पोरांचे काय? कोणीतरी इथे सुरुवात करावीच लागेल, आणि सुरुवात करणाऱ्याला प्रशिक्षकाची आणि प्रमोटरची अशा दोन टोप्या घालाव्याच लागतील.

सदरवासी

दोघांच्याही मांडणीतून एक गोष्ट सुटली आहे. अमेरिकेने २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाने जो कायदा केला, त्याने मोठ्या लढतींपुरती प्रमोटर आणि व्यवस्थापक यांच्यात भिंत घातली. व्यवस्थापकाने बॉक्सरला जास्तीत जास्त पैसे मिळवून द्यायचे आणि प्रमोटरला कमीत कमी द्यायचे असतात. म्हणून एकाचा दुसऱ्याच्या धंद्यात आर्थिक वाटा नसावा, एवढाच त्याचा रोख आहे. मानकापूरकर ज्या प्रशिक्षकाविषयी बोलत आहेत, त्याच्याविषयी हा कायदा गप्प आहे. तेव्हा आपला मुद्दा कायद्याच्या आधाराने नव्हे, तर खेळातल्या व्यवहाराच्या आधारानेच तपासावा लागेल.

तो व्यवहार पाहू. ब्रिटनमधील छोट्या सभागृहांतील लढती बहुतेक तिकिटांवर चालतात, आणि ती तिकिटे खुद्द बॉक्सर विकतो. यजमान बॉक्सरने आपल्या नातेवाइकांना, मित्रांना आणि कामावरच्या लोकांना तिकिटे विकायची, त्यातून समोरच्या बॉक्सरचे मानधन निघायचे आणि उरले तर याचे मानधन. म्हणून जिंकणाऱ्यापेक्षा तिकिटे खपवणारा प्रमोटरला जास्त हवासा असतो. हीच पद्धत नागपुरात आली, तर मोमीनपुऱ्यातला किंवा इंदोऱ्यातला पोरगा सरावाच्या ऐन दिवसांत आपल्या वस्तीत तिकिटे घेऊन फिरेल. ज्याची दोनशे तिकिटे खपतात त्याला सोपा प्रतिस्पर्धी आणि ज्याची वीसच खपतात त्याला कठीण, हे गणित आपोआप लागू होईल. प्रशिक्षकच प्रमोटर असेल, तर मुलगा तयार नाही हे माहीत असूनही तो नाव जाहिरातीतून काढणार नाही, कारण तिकिटे विकली गेलेली असतील. धोका केवळ त्या साठ सेकंदांत नाही. तो लढत ठरवण्याच्या दिवसापासूनच आहे.

एक आई, जरीपटका

माझी मुलगी बॉक्सिंग शिकते, म्हणून लिहिते. आपण सर्व जण व्यावसायिक लढतींविषयी इतक्या आत्मीयतेने बोलत आहात, पण आमच्यासारख्या घरांतली मुले रिंगमध्ये का उतरतात, याचा उल्लेख कोणीच केला नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे आणि सैन्यदलातही खेळाडूंची भरती होते. हौशी स्पर्धांतले राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरचे पदक म्हणजे आमच्यासाठी घर उभे राहण्याची शक्यता असते. आपल्याच नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधील किल्स येथे युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या दिवसापासून आमच्या वस्तीतल्या किती तरी मुलींना घरून परवानगी मिळाली. ही वाट हौशी खेळाची आहे. त्यात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मुलींना डोक्याला संरक्षक टोप असतो, आणि तिकीट विकायचे नसते.

उद्या क्लबच्या सरांनीच सांगितले की, तू आता व्यावसायिक हो, पुढच्या महिन्यात आपलाच कार्यक्रम आहे, तर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी त्यांना नाही म्हणू शकेल का? ज्यांनी तिला हाताला पट्टी बांधायला शिकवले, त्यांच्यासमोर ती मानधनाची घासाघीस कशी करणार? गुरूचा शब्द मोडायचा नाही, हे संस्कार आम्हीच तिच्यावर केलेले आहेत. महालकर दादा, वस्तादांविषयी मलाही आदर आहे. पण त्या आदरामुळेच माझी मुलगी त्यांच्याशी सौदा करू शकणार नाही.

महालकर

ताई, आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत रास्त प्रश्न आहे, आणि हौशी पदकाची वाट सोडून मुलांना घाईने व्यावसायिक करावे असे मी कधीच म्हणणार नाही. माझा आग्रह आहे तो ज्यांची ती वाट संपली आहे त्यांच्यासाठी. सत्ताविशीत पोहोचलेला, पदक न मिळालेला, नोकरी न लागलेला बॉक्सर नागपुरात काय करतो? काही जण जिममध्ये वजने उचलून देतात, काही जण रखवालदार होतात, आणि अंगात असलेली विद्या तशीच वाया जाते. हॅटन यांनी निवृत्तीनंतरच्या नैराश्याविषयी अनेकदा उघडपणे सांगितले होते. २ मे २००९ रोजी पॅक्विआओ यांनी त्यांना दुसऱ्याच फेरीत संपवले. मग साडेतीन वर्षांनी, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ते परतले आणि व्याचेस्लाव सेन्चेन्को यांच्याकडून नवव्या फेरीत हरले, तेही शरीरावरच्या ठोशाने, म्हणजे आपल्याच हत्याराने. रिंग सुटलेल्या माणसाला रिंगच्या कडेला उभे राहण्याचे काम हवे असते. मुले घडवणे, कार्यक्रम उभा करणे हे त्याला जगवणारे काम आहे.

मानकापूरकर (धागाकर्ता)

महालकर, निवृत्त बॉक्सरला काम मिळावे यावर आपले एकमत आहे. मतभेद फक्त दोन कामे एकाच हाती देण्यावर आहे. ज्या पॅक्विआओंनी हॅटन यांना हरवले, त्यांच्या कोपऱ्यात प्रशिक्षक फ्रेडी रोच होते. रोच हे स्वतः बॉक्सर, एडी फच यांचेच शिष्य. फच यांनी त्यांना वेळीच सांगितले होते की, आता थांब. रोच यांनी ऐकले नाही, वडिलांना प्रशिक्षक करून ते लढतच राहिले आणि अखेरच्या लढतींत बहुतेक वेळा हरले. पुढे त्यांना पार्किन्सनच्या आजाराने गाठले. नंतर ते फच यांच्याच हाताखाली प्रशिक्षणाचे काम शिकले आणि जगातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकांत गणले गेले. यातली मला भावणारी गोष्ट अशी की, थांब म्हणताना फच यांचा त्यात कोणताही फायदा नव्हता; उलट एक शिष्य हातचा जात होता.

माजी बॉक्सर असला म्हणजे पैशांच्या बाबतीत तो बॉक्सरचाच विचार करेल, हेही गृहीत धरता येत नाही. ऑस्कर दे ला होया हे मोठे विजेते आणि मोठे प्रमोटर. तरी कनेलो अल्वारेझ यांनी २०२० मध्ये त्यांच्या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ते वेगळे झाले. खुद्द हॅटन यांचेही त्यांना घडवणारे प्रशिक्षक बिली ग्रॅहम यांच्याशी मानधनावरून वितुष्ट आले. वर्षानुवर्षे पॅड धरणारा आणि ठोसे झेलून स्वतःचे हात दुखावून घेणारा माणूस, तोही पैशांमुळे दुरावतो. म्हणून मी असे सुचवतो की, क्लबच्या प्रशिक्षकाने लढती भरवल्याच, तर त्या रात्री आपल्या मुलाच्या कोपऱ्यात त्याने बसू नये; दुसऱ्या प्रशिक्षकाला बसवावे.

महालकर

हे मात्र चुकीचे ठरेल, साहेब. दोन फेऱ्यांमधल्या त्या एका मिनिटात बॉक्सरला ओळखीचा आवाज लागतो. तो नेहमी कसा श्वास घेतो, दमल्यावर कोणता हात खाली येतो, लागल्यावर नजर कशी होते, हे रोज पॅड धरणाऱ्यालाच माहीत असते. परक्या माणसाला लढत थांबवण्यासाठी रिंगमध्ये फेकायचा टॉवेल दिला, तर तो एक तर फार लवकर फेकेल किंवा फार उशिरा. आपल्याला मुलाचा जीव वाचवायचा असेल, तर कोपरा ओळखीच्या माणसाकडेच राहू द्या आणि त्याच्याकडून गल्ला काढून घ्या. तिकिटांचा हिशेब, मानधनाचा करार, रुग्णवाहिका, डॉक्टर आणि विमा हे सगळे क्लबबाहेरच्या मंडळींनी पाहावे आणि प्रशिक्षकाला लढत झाली काय, न झाली काय, ठरलेली बिदागी मिळावी. एवढे आधी कागदावर उतरत असेल तर मी माझा दोन टोप्यांचा आग्रह सोडायला तयार आहे.

एक आई, जरीपटका

असा कागद झाला, तर त्यावर प्रशिक्षकांसोबत मुलीच्या घरच्यांचीही सही असावी, आणि लढतीच्या आदल्या दिवशी सरांनी नाव मागे घेतले तरी तिकिटांची भरपाई मुलीकडून मागितली जाणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. याला आयोजक तयार असतील, तर पुढचे बोलणे मानकापूरला येऊन समोरासमोर करू.